खाँसाहेब पडद्यावर, खाँसाहेब आमच्या मांडवात

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक मी आजवर बहुतेक वेळा खालून आणि तिरकं पाहिलंय. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला नाटक होतं आणि त्यात ऑर्गनवर मी असतो. ऑर्गन रंगमंचाच्या खाली डाव्या अंगाला, तबला समोरच्या अंगाला. तिथून नेपथ्य धड दिसत नाही. दिसतो तो गाणाऱ्याचा गळा, त्याच्या पायाचे अंगठे आणि मान वळवली की पहिल्या दोन रांगांतली माणसं. तान घ्यायच्या आधी कोण अंगठा रोवतो, कोण टाचा उचलतो, हे मला ठाऊक. त्यामुळे २०१५च्या दिवाळीत ह्याच नाटकावरचा सिनेमा आला आणि खाँसाहेबांचा चेहरा एवढा जवळून बघायला मिळाला म्हणून लोक हरखले, तेव्हा मला त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. मानेची शीर फुगते ती मी कित्येक वर्षं बघतोय.

पण सिनेमा मला आवडला नाही असं नाही. तो कुठे आवडला आणि कुठे हातातून निसटला, तेवढंच सांगायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाटक १९६७चं, प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ ह्या नाट्यसंस्थेचं. लेखन, दिग्दर्शन आणि बहुतेक पदं पुरुषोत्तम दारव्हेकरांची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे वसंतराव देशपांडे. विश्रामपूरच्या राजगायकपदासाठी ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा, ते पंडितजी झाले होते भार्गवराम आचरेकर, खाँसाहेबांची मुलगी झरीना फैय्याज आणि पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव प्रसाद सावकार. आता गोंयकाराने इथे कॉलर ताठ करायची असते, ती मी करून घेतो: अभिषेकी मंगेशीचे, सावकार गोव्याचे, आणि वसंतरावांच्या गळ्यावर ज्यांच्या आक्रमक गायकीची गडद छाया होती ते मास्टर दीनानाथ, तेही मंगेशीचेच. विश्रामपूरच्या दरबारात भांडणारी दोन्ही घराणी एका अर्थी आमच्या प्रियोळच्या हद्दीतून गेलेली आहेत. झालं, कॉलर खाली.

मूळ प्रयोग पाहायचं माझं वय नव्हतं. माझ्याकडे होत्या त्या ध्वनिफिती, आणि त्या ऐकून वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे नाटक वसंतरावांचंच असतं. ‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. पंडितजींच्या हवेलीत नवा मालक शिरलाय आणि इथले जुने, हळवे सूर आता दूर जाऊ द्या म्हणतोय. ही खरं तर उद्दाम माणसाची भाषा. पण वसंतराव ते अशा काही मस्तीत म्हणतात की ऐकणारा मनातल्या मनात हवेलीची दारं उघडून देतो. कथेप्रमाणे आपण पंडितजींच्या बाजूने असायला हवं. कान जातो खाँसाहेबांकडे. मला वाटतं नाटकाची सगळी ताकद ह्या ओढाताणीत आहे, आणि ती दारव्हेकरांनी जितकी लिहिली त्याहून जास्त अभिषेकींनी बांधली. ‘घेई छंद मकरंद’ला त्यांनी दोन चाली दिल्या, शब्द तेच, एक पंडितजींच्या वळणाची, दुसरी खाँसाहेबांच्या. भांडण नेमकं कशावरून आहे ते सांगायला मग संवादाची गरजच राहत नाही.

२०१०मध्ये सुबोध भावेंनी नाटक पुन्हा उभं केलं. खाँसाहेब राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू, आणि सदाशिव महेश काळे, अभिषेकींचे शिष्य. तो प्रयोग मी पुण्याला पाहिला, तोही चक्क समोरून, तिकीट काढून. पहिला अर्धा तास मी बघत नव्हतो, तपासत होतो. आजोबांच्या जागा नातू कशा घेतो, कुठे स्वतःच्या घेतो. मग ‘सुरत पिया की’ सुरू झालं आणि तपासणी बंद पडली. एका रागातून दुसऱ्यात शिरताना ते किंचित थांबायचे, जणू ह्या दारातून जाऊ की त्या, असं ठरवतायत, आणि सभागृह त्या थांबण्यात श्वास धरायचं. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात ते दुसऱ्या दारातून गेले असते, अशी शक्यता त्या क्षणी खरी वाटत होती.

सिनेमा बघायला आमची अख्खी नाटकमंडळी पणजीला आयनॉक्सला गेली. खाँसाहेबांची भूमिका करणारा आमचा सुपारीचा व्यापारी, प्रॉम्प्टर, तबलजी, तबलजीची आई, सगळे. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि नाटक मराठीत करतो, त्यामुळे मध्यंतरातली समीक्षा कोंकणीत झाली.

सिनेमाने गोष्टीचा तोल बदललाय, आणि तो पूर्ण विचार करून बदललाय. पंडितजी मिरजेला खाँसाहेबांना ऐकतात, त्यांना सन्मानाने विश्रामपूरला घेऊन येतात, मैत्री होते, मग वर्षानुवर्षं हरण्याने ती कुजते. खाँसाहेबांच्या बायकोला ती हार बघवत नाही आणि ती पंडितजींना शेंदूर चारते. राजगायकाला मिळणारी कट्यार, तिच्याबरोबरची एका खुनाची माफी, हे सगळं नीट पेरलंय. कट्यारच गोष्ट सांगते, रीमा लागूंच्या आवाजात. गोष्ट म्हणून हे घट्ट आहे. आमच्या उत्सवातल्या निम्म्या प्रेक्षकांना हवेली कुणाची आणि का सोडली हे पहिल्यांदा नीट कळलं ते सिनेमा बघून, हे मी मान्य करतो.

पण याची किंमत खाँसाहेबांनी मोजली. सचिन पिळगांवकरांनी मत्सर उत्तम दाखवलाय, डोळ्यांत विषारी चमक वगैरे. मात्र त्यांच्या खाँसाहेबांवर प्रेम करायची सोय उरत नाही. गळा राहुल देशपांडेंचा आणि देह सचिनचा, म्हणून तान कानावर येते तेव्हा मी सवयीने मान बघतो आणि मानेला त्या तानेचा पत्ता नसतो. भावेंच्या सदाशिवाचंही तेच, गळा महेश काळेंचा. काळेंना ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच, पण पडद्यावर आनंदाने डोळे मिटणारा माणूस वेगळा. उलट शंकर महादेवन. अभिनयाची मोठी झेप नाही, संवाद जरा सांभाळून बोलतात, पण गायला लागले की छाती, खांदे, ओठ सगळं एका जागी येतं. सिनेमात गाताना खरा वाटतो तो पंडितजी. नाटकाच्या नेमकं उलटं झालं की! तिथे खाँसाहेब कानाला जिंकतात आणि पंडितजी आठवणीत राहतात. इथे पंडितजी जिंकतात आणि खाँसाहेबांचा राग येतो. हे पटकथेने केलं असं लोक म्हणतात. मला विचाराल तर अर्धं काम एका माणसाच्या श्वासाने केलं.

मध्यंतराला आमच्या सुपारीवाल्या खाँसाहेबांनी समोसा खाता खाता विचारलं, “हांतूंत वन्स मोर खंय घेवप?” म्हणजे ह्यात वन्स मोर कुठे घ्यायचा? सगळे हसले. मला तो प्रश्न फार नेमका वाटला.

कारण ही गोष्ट मुळात स्पर्धेची आहे. गाण्याच्या स्पर्धेत निकाल कोण देतं? सिनेमात महाराज देतात. दरबारी मंडळी माना डोलावतात, वाहवा म्हणतात, आणि ती कुठे म्हणायची हे आधी ठरलेलं असतं. मी खुर्चीत बसून दुसऱ्याने दिलेली दाद ऐकतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोण जिंकणार ते ठरून गेलंय. नाटकात तसं नसतं. नाटकात दरबार म्हणजे आपण. लिहिलेला निकाल एक असतो आणि त्या रात्रीचा निकाल दुसराही लागू शकतो.

आमच्याकडे एकदा तो लागला. पालखी देवळात शिरल्यावर नाटक सुरू होतं, म्हणजे आधीच रात्र चढलेली. झरीना करणाऱ्या बाई नेहमीप्रमाणे बाहेरून बोलावलेल्या, त्यांच्याबरोबर एकच तालीम झालेली. त्यांची पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज धरून गायचं तो, पांढरी चार, आमच्या खाँसाहेबांची काळी एक, आणि मधे मला उड्या. त्या रात्री खाँसाहेबांचा घसा बसला होता. डिसेंबरची थंडी आणि आदल्या रात्रीचं जागरण. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, मी अर्धी पट्टी खाली आणली. सदाशिव मात्र कॉलेजातला मुलगा, पहिल्यांदाच उभा राहिलेला, गळा स्वच्छ. नाटकाप्रमाणे तो तेव्हा खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर म्हणून राबतोय, चोरून ऐकतोय, त्याने अजून कुणाला जिंकायचं नाही. पण त्याने पहिलीच हरकत अशी घेतली की मांडवाच्या मागच्या बाजूला उभी असलेली माणसं पुढे सरकली. वन्स मोर. पुन्हा वन्स मोर. विंगेत खाँसाहेब प्रवेशासाठी खोळंबलेले. त्यांचा चेहरा मला माझ्या कोपऱ्यातून दिसत होता आणि तो रंगवलेला मत्सर नव्हता. मग ते आत आले आणि लिहिलेला संवाद टाकून त्या मुलाकडे नुसते बघत राहिले. बराच वेळ. प्रॉम्प्टरने दोनदा वाक्य दिलं. शेवटी त्यांनी बसलेल्या घशाने, मंद्रात, एकच ओळ आळवली, तान नाही, काही नाही. मांडव गप्प झाला. पुढचं नाटक असं काही रंगलं की तबलजीने शेवटच्या पदाला ठेका जरा जास्तच चढवला आणि मी त्याला अडवलं नाही.

एरवी ह्या दोघांचं आपसात उत्तम जमतं, गैरसमज नको. मुलाचं लग्न ठरलं तर पंक्तीची सुपारी कुठून येणार हे सांगायला नको.

सिनेमाला हे जमत नाही म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. त्याला दुसऱ्या गोष्टी जमतात. ‘दिल की तपिश’ हे नवं गाणं नाटकाच्या पदांशेजारी बसवताना शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींची नक्कल केली नाही, हे मोठं शहाणपण. जुन्या पदांना वाद्यमेळ मोठा दिलाय, तो मला कधी कधी जड होतो. ‘लागी कलेजवा कटार’ला मागे इतकी माणसं कशाला लागतात? ऑर्गनवाल्याचं हे मत पक्षपाती समजावं.

२०२२मध्ये ‘मी वसंतराव’ आला. निपुण धर्माधिकारींचा सिनेमा, वसंतरावांच्या भूमिकेत राहुल देशपांडे. म्हणजे नातू आजोबा झालाय आणि आजोबा खाँसाहेब होणार आहेत. लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करणारा, आपल्या गाण्याला घराणं कोणतं ह्या प्रश्नाने छळलेला माणूस, वय उताराला लागताना त्याला ही भूमिका मिळते. हा सिनेमा बघितल्यावर ‘कट्यार’च्या खाँसाहेबांची मस्ती मला नव्याने कळली. वर्षानुवर्षं दाराबाहेर उभा राहिलेला माणूस हवेलीत शिरल्यावर कसा बोलेल? आणि इथे गळा आणि मान एकाच माणसाची होती. २०१५च्या सिनेमात मला जे सापडत नव्हतं ते सात वर्षांनी दुसऱ्याच सिनेमात सापडलं.

सध्या आमच्याकडे वाद चाललाय तो नांदीचा. उत्सवाला पुन्हा ‘कट्यार’ करायचं ठरलंय, आणि पोरांना नांदीच्या जागी सिनेमातलं ‘सूर निरागस हो’ हवंय. गणपतीचंच आहे, सगळ्यांना पाठ आहे, पडदा उघडण्याआधीच मांडव गायला लागेल, हा त्यांचा मुद्दा. ज्येष्ठांचं म्हणणं, मग ‘दिल की तपिश’ही मागाल, आणि अभिषेकींच्या नाटकात हे चालायचं नाही. मी दोन्ही बाजूंचं ऐकून घरी ऑर्गनवर बसवून बघितलं. बसतं. सुरुवातीचा भाग थोडा संथ घ्यावा लागतो आणि कोरसची जागा पोरांनी विंगेतून भरायला हवी. मी पोरांच्या बाजूने हात वर केलाय. ‘दिल की तपिश’ला मात्र माझा विरोध आहे आणि तो राहील, आमच्या खाँसाहेबांनी ते गुपचूप बसवायला घेतलंय असं कळतं, पण काळी एकमध्ये त्यांना ते झेपणार नाही.