आमची वाटचाल : फ्रिजकडून गाडीच्या एसीकडे

सोलापुरात वडिलांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. मारुती ८०० मध्ये एसी दिसू लागला तसे ओळखीचे लोक गाडीच घेऊन यायचे, "अण्णा, फ्रिजचाच गॅस ना? मारा की थोडा." गॅस खरंच तोच होता, आर-१२. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, गाडीचा बाहेर, पट्ट्यावर फिरणारा. त्याच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून (शाफ्ट सील) गॅस झिरपतो, हे वडिलांना लवकर कळलं. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे पुढे आर-१२ गेला, आर-१३४ए आला. कॉम्प्रेसरचं तेल बदललं, नळ्यांची तोंडं बदलली. मग आम्ही फ्रिज सोडून गाड्याच धरल्या.

आमचं धोरण सुरुवातीला गिऱ्हाइकाला महाग वाटायचं. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. म्हणून आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने लीक शोधायचा. तो काढला की किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढायची, कारण आत ओल राहिली तर तिचं एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस जिथून बारीक छिद्रातून सुटून गार होतो तिथे, बर्फ होतं आणि गॅसशी मिळून आम्ल. त्यानंतर पंप बंद करून गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा हलतो का, ते बघत बसायचं; हलला तर लीक अजून आहे. एवढ्यात शेजारचा गॅस मारून पैसे घेऊन मोकळा झालेला असायचा!

भरणं मात्र वजनावरच. सोलापूरच्या उन्हात हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा, काटा सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात, लहान गाड्यांना साधारण चारशे-पाचशे. जास्त भरला की गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

दुकानात चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणी गेज लावत नाही. १३४ए उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर संपलं. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, कारण तो दाब उलटा गॅसच्या बाटलीत शिरून ती फुटू शकते. कोणी स्वस्तात एलपीजी भरून आणलेली गाडी आमच्या गॅस काढून साठवणाऱ्या मशीनला लावत नाही. एक ठिणगी पुरे, शिवाय साठवलेला गॅसही नासतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या येतात. त्यांचा कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर चालतो, म्हणून त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांच्या १३४ए एसीतल्या पॅग तेलाचा अंश गेला तरी इन्सुलेशन बिघडतं. त्यासाठी वेगळी मशीन आणि वेगळे पाइप घेतलेत, आणि ते दुसऱ्या गाडीला लावायची पोरांना बंदी आहे.