उतरलेला तंबोरा

"अहो, तुम्ही बसवून दिलेल्या डब्यातून रेकॉर्ड केलेला माझा तंबोरा फोनवर उतरतोय."

नारायण पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना फोनवर काय काय ऐकावं लागतं याची मला सवय आहे, पण ही तक्रार नवीनच होती. फोन सदाशिव पेठेतल्या बाईंचा. वय चौऱ्याहत्तर, गाणं शिकवतात, आवाज अजून खणखणीत. मी म्हटलं, "बाई, फोनचा स्पीकर एवढासा असतो. त्यात खर्ज येत नाही, म्हणून तसं वाटतं." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "खर्ज न येणं आणि सूर उतरणं यातला फरक मला कळतो हो." आणि फोन ठेवला.

आधीचं थोडं सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि ज्यांच्या मशीनवर ११ चढत नाही अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला लागली. चांगला चालता लॅपटॉप भंगारात घालायचा नसेल तर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. बाईंचा लॅपटॉप त्यातलाच. वर अमेरिकेतल्या भाच्याने आपला जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, पाठवून दिलेला, सोबत मेसेज: "मावशी, लाव की चालू." भाच्यांचे असे मेसेज वाचले की मला माझं बिल दिसायला लागतं.

सवाईच्या आदल्या आठवड्यात मी तो बसवून आलो. आम्ही दुकानात त्याला साउंडची पेटी म्हणतो, बाईंनी लगेच दुरुस्त केलं. पेटी एकच, ती तिकडे कोपऱ्यात आहे, हा डबा. बरं, डबा. ड्रायव्हर वगैरे काही टाकावं लागत नाही, यूएसबी ऑडिओचा ठरलेला नियम पाळणारं यंत्र असलं की लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याची सोय असते. डबा लगेच दिसला. लोक अडकतात ते पुढे. साउंड कार्डांचे नंबर रीस्टार्टनंतर बदलू शकतात, आज १ असलेला डबा उद्या ० होतो, म्हणून नंबराने नव्हे तर नावाने निवडायचा. माइक कंडेन्सर, त्याला ४८ व्होल्ट लागतात, ते बटण दाबायचं. हे सगळं वीस मिनिटांत झालं. तासभर गेला तो एका गुणगुणीत. स्पीकर एका भिंतीच्या प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्या, त्यामुळे अर्थिंगचा फेरा होऊन सारखं घूंऽऽ येत होतं. बाई सोफ्यावर बसून म्हणाल्या, "पांढरी पाचच्या किंचित वर आहे हा." म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराहून. मी हसलो. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, तपकीर गल्लीतून बॅलन्स्ड केबल आणून लावली, आवाज गेला.

आणि मग मी हुशारी केली. मिंटमध्ये आता आवाजाचा सगळा कारभार पाइपवायरकडे असतो. कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्यामधला तो व्यवस्थापक, कोणाचा आवाज कुठे जायचा ते बघतो. काम चांगलं करतो, पण मला वाटलं रेकॉर्डिंगला मध्ये माणूस कशाला? ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये थेट हार्डवेअर निवडलं. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर, होता तोच ठेवला, ४४१००, सीडीचा. बाईंनी काळी पाचमध्ये भूपाची आरोहावरोही गायली, आम्ही तिथेच परत ऐकली, सुंदर. पाचशे रुपये घेतले आणि निघालो.

त्या फोननंतर मला गप्प बसवेना. गुरुवारी गेलो. गुरुवार म्हणजे पेठेत पाणी बंद, त्यामुळे चहा मिळणार नाही हे बाईंनी दारातच सांगितलं. त्यांनी लॅपटॉपवर धडा लावला: तंबोरा काळी पाच, अगदी बरोबर. तोच धडा त्यांनी शिष्यांच्या ग्रुपवर पाठवलेला होता, तो आपल्या फोनवर लावला आणि पेटीचा भाता उघडला. काळी पाच दाबली, जुळेना. पांढरी सहा दाबली. "ही नाही, याच्या खाली आहे." काळी चार. "ही पण नाही, याच्या वर आहे. दोघींच्या बरोबर मध्ये." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा गळा उतरेल, वय झालं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा कसा उतरेल?"

एवढं ऐकूनही मी पुढचे दोन तास भलतीकडेच घालवले. ट्रेडचा रोग. मला बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी थोडा साठवायची जागा, आणि त्यामुळे होणारा विलंब यांचं बोलायला आवडतं. ४८००० च्या दराला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सव्वापाच मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे एकवीस. हे मी बाईंनाही ऐकवलं. त्या जपमाळ घेऊन बसल्या. मी केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, एमपी३ ऐवजी वेगळ्या फॉरमॅटमध्ये फाइल काढली. फोनवर तंबोरा तिथेच, दोघींच्या मध्ये.

शेवटी बाईच म्हणाल्या, "लय पण पडलीय. शिष्या म्हणते, तुमच्या धड्याबरोबर गाताना श्वास पुरत नाही." तेव्हा डोक्यात दिवा लागला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बरोबर एक मिनिट रेकॉर्डिंग केलं. ऑडॅसिटीत भरलं १ मिनिट ५ सेकंद.

म्हणजे डबा सेकंदाला ४८००० नमुने देत होता आणि ऑडॅसिटी ते ४४१०० समजून लिहून घेत होती. त्याच डब्यातून परत वाजवलं की तीच चूक उलटी होऊन सगळं जुळायचं, म्हणून बाईंच्या घरी तंबोरा शुद्ध. फोन मात्र फाइलवर लिहिलेला दर खरा मानतो, मग सूर खाली आणि लय संथ. ४८००० भागिले ४४१००, १.०८८. हिशेब केला तर जवळजवळ दीड अर्धस्वर, अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर. काळी पाचवरून दीड उतरलं की पांढरी सहा आणि काळी चार यांच्या बरोबर मध्ये. बाईंनी पेटीवर हेच दाखवलं होतं, सकाळी सव्वादहाला. आता एक वाजला होता.

मग कर्नलच्या नोंदी उघडल्या. मी पहिल्या भेटीत डबा लावला त्या दिवसापासून तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा: यंत्राचा सध्याचा दर ४८०००, मागितलेल्या ४४१०० पेक्षा वेगळा आहे. कर्नलने दर मागितला, डब्याने ऐकला नाही, कर्नलने तशी नोंद करून काम पुढे चालू ठेवलं. मला याचा खरंच राग आहे. बॅटरी कमी झाली की मिंट स्क्रीनवर बोंब मारतो, आणि गाणाऱ्या माणसाचा सा चुकतोय ही गोष्ट कोणी न वाचणाऱ्या वहीत लिहून ठेवतो. अर्थात वही वाचायचे पैसे मला मिळतात. आणि मधला माणूस काढला नसता तर हे झालंच नसतं, कारण पाइपवायर मुळातच ४८००० वर चालतो आणि ४४१०० मागणाऱ्याला स्वतः रूपांतर करून देतो.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. ऑडॅसिटीत थेट हार्डवेअर सोडून पुन्हा पाइपवायरचा साधा पर्याय निवडला, प्रोजेक्ट ४८००० वर नेला. जुने एकतीस धडे उघडून प्रत्येक ट्रॅकचा दर नुसता ४८००० लिहिला. आवाजात काहीच बदलावं लागत नाही, फक्त लेबल खरं करायचं. पुन्हा ग्रुपवर पाठवले.

पण एक शिष्या आहे बाणेरची. रोज फोनवरच्या तंबोऱ्याबरोबर दोन महिने रियाज केला तिने, पट्टीच्या फटीत. बाई म्हणाल्या, "तिचा गळा आता तिकडे बसलाय, परत आणायला मला चार महिने." त्याचं बिल कोणाच्या नावाने, ते मी विचारलं नाही. आजचे किती, हे मात्र मीच विचारून बसलो. "पहिल्या वेळी पाचशे घेतलेत ना? ते आजचे समजा."

तो डबा ४४१०० का मानत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आतल्या फर्मवेअरचं, म्हणजे डब्यातच भरलेल्या प्रोग्रॅमचं, काहीतरी असावं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, माझ्याकडे नीट चालायचा.

त्या रात्री दुकान बंद करताना पहिल्या दिवशीचं ते घूंऽऽ आठवलं, म्हणून बसून हिशेब केला. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या गुणगुणीत ठळक ऐकू येतो तो दुप्पट सूर, १००. त्या सप्तकातली पांढरी पाच ९८.