हॅलोवीनच्या रात्री अंगणातली प्रकाशयोजना
३१ ऑक्टोबरच्या रात्री अंगणात मांडलेल्या सांगाड्यावर समोरून प्रखर झोत टाकला, तर सावल्या पुसल्या जातात आणि प्लास्टिकचे सांधे तेवढे नजरेत भरतात. म्हणून मी छोटा एलईडी दिवा त्याच्या पायथ्याशी, किंचित एका बाजूला, गवतात लपवून ठेवते. खालून येणाऱ्या उजेडाने कवटीच्या खोबणी काळ्याभोर दिसतात आणि बरगड्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर चढत जातात. निळा आणि मंद नारिंगी, एवढे दोनच रंग मला पुरेसे वाटतात. कोरलेल्या भोपळ्यात मात्र मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवाच ठेवावा, कारण मुलांचे लांब, झुळझुळीत पोशाख ज्योतीजवळून जाताना सहज पेट घेऊ शकतात. पायऱ्यांवर मी साधा पांढरा उजेड आवर्जून ठेवते.