बावन्न लिहिणारा हात

दुसरीचा वर्ग, सेमी इंग्रजी. गणित इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, आणि प्रत्यक्षात सगळंच दोन्हींतून. 'मॅडम, माझा आन्सर येत नाहीये' हे वाक्य मी हल्ली दुरुस्त करत नाही.

संख्यांचं श्रुतलेखन मी दोनदा घेते, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला इंग्रजीत दहापैकी नऊ, मराठीत जेमतेम तीन. बावन्नचे 25, सदुसष्टचे 76. नोंदवहीत 'संख्याज्ञान कच्चे, सराव आवश्यक' लिहून मी मोकळी झाले होते. इतका निरुपयोगी शेरा दुसरा नसेल, पण रकाना भरावा लागतो.

परवा खुर्चीत न बसता बाकांमधून फिरत संख्या सांगत होते. 'बावन्न' म्हटलं. त्याची पेन्सिल चौकटीच्या उजव्या बाजूला गेली. आधी 2 लिहिला, मग डावीकडे येऊन 5. चक्क बरोबर. तेवढ्यात मी शेजारी उभी दिसले आणि त्याने घाईने खोडरबर उचललं.

'अरे, खोडतोस कशाला?'

'तुम्हीच म्हणालात ना, डावीकडून लिहायचं.'

म्हणाले होते. हात उलटा जातो म्हणून वर्गासमोर दोनदा टोकलंही होतं.

बावन्नमध्ये आधी 'बा' ऐकू येतो, पन्नास मागून येतात. पोरगा ऐकलं तसं लिहीत होता आणि दशकाची जागा बरोबर मोकळी सोडत होता. माझ्या शिस्तीमुळे तोच क्रम डावीकडून सुरू झाला आणि बावन्नचे पंचवीस झाले. मी मुद्दाम 'फिफ्टी टू' म्हटलं. हात सरळ डावीकडून उजवीकडे. मग 'सिक्स्टीन'. पुन्हा उजवीकडून, आधी 6! थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंत इंग्रजीही आपल्यासारखी एकक आधी बोलते, हे इतकी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीससाठी 'वीस पाच' आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर मीही हसले होते. (सगळ्यांत मोठ्याने, असं आता आठवतंय.)

मग आला एकोणसाठ. अर्ध्या वर्गाने नेहमीप्रमाणे 69 लिहिले. त्याचा हात हवेतच थांबला. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

'मॅडम, हे पावणेसारखं आहे. पावणेतीन म्हणजे तीन वाजले नाहीत अजून. तसे सिक्स्टी झाले नाहीत, एक राहिलाय.'

आणि 59 लिहून टाकलं.

पावणे म्हणजे पाद-ऊन, पाव कमी; एकोण म्हणजे एक-ऊन, एक कमी. दोन्हीकडे कमीपणा दाखवणारा तोच 'ऊन'. हे मी कधीतरी वाचलं होतं, पण घड्याळ आणि पाढे एकमेकांशेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मी त्याला वर्गासमोर पुन्हा सांगायला लावलं. लाजत, पायाने फरशी घासत सांगितलं त्याने. मागच्या बाकावरून कोणीतरी 'एकोणतीस म्हणजे पावणेतीस!' असं ओरडलं आणि पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. मी आवरलाही नाही.

नोंदवहीतला शेरा पेनाचा आहे. रेघ मारली की वर सही लागते, सहीसाठी कारण लागतं. ते कसं लिहू?

मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला. 'मग नाइन्टी नाइनला एकोणशंभर का नाही म्हणत?'

उद्या सांगते म्हटलं. त्याला तीन दिवस झाले. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की 'हजर' म्हणतो आणि खाली न बसता तसाच थोडा वेळ उभा राहतो.