लुबुंबाशीतला रविवार

आज सुट्टी होती, म्हणून लुबुंबाशीत मनसोक्त पायी फिरलो. काँगोच्या कटांगा भागातलं हे शहर बेल्जियन लोकांनी १९१० मध्ये वसवलं, ते तांब्यासाठीच. तेव्हाचं नाव एलिझाबेथव्हिल. त्याच वर्षी दक्षिणेकडून रेल्वे आली, पुढच्या वर्षी तांबं गाळायची भट्टी पेटली. भट्टीची उंच चिमणी आणि शेजारचा मळीचा, म्हणजे तांबं गाळून उरलेल्या कचऱ्याचा काळाभोर डोंगर आजही शहरभर दिसतो. त्या टाकाऊ मळीतूनसुद्धा पुढे कोबाल्ट काढायला लागले!

मध्यभागातले सरळसोट रस्ते, जॅकरंडाची झाडं, जुने बंगले बघून डोळे निवतात. पण गोऱ्यांची वस्ती आणि आफ्रिकन कामगारांची वस्ती यांच्यामध्ये मुद्दाम रुंद मोकळा पट्टा ठेवला होता. कारण सांगायचे आरोग्याचं. आज मी तिथून चालत कामालोंदो या जुन्या आफ्रिकन वस्तीत गेलो आणि फार अस्वस्थ झालो. डिसेंबर १९४१ मध्ये पगारवाढ मागणाऱ्या संपकऱ्यांवर याच शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर गोळीबार झाला, कित्येक जण मेले. हे शहर या कामगारांनी उभं केलंय, असं मी मानतो.

रस्त्यावर एक जण मॅलाकाइटच्या माळा विकत होता. हिरव्यागार मण्यांवर गडद-फिकट वलयं. हेही तांब्याचंच खनिज. आईसाठी एक घेतली.

युरोपीय येण्याच्या कितीतरी शतकं आधी इथले लोक तांबं गाळून फुलीच्या आकाराच्या लगडी ओतायचे, त्या चलन म्हणून चालायच्या. पुढच्या सुट्टीत संग्रहालय गाठायचं. कोणी येणार असेल तर कळवा.