टिनपाट लिझी

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल भरायचं, तर आधी पुढे बसलेल्यांनी खाली उतरायचं. मग सीटची गादी उचलून बाजूला ठेवायची. टाकी तिच्याखालीच, दहा गॅलनची, म्हणजे साधारण ३८ लिटरची. झाकण काढायचं, आत लाकडी पट्टी बुडवायची आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. काटा नाही, दिवा नाही. रॉकेलच्या पिंपात काडी घालून बघावं, तसाच प्रकार. पट्टी हरवली तर झाडाची डहाळी चालते.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी ही गाडी बाजारात आली आणि २६ मे १९२७ रोजी बंद झाली. मधल्या काळात दीड कोटी गाड्या बनल्या. एका मॉडेलची एवढी संख्या आजही पोटात गोळा आणते. फोर्ड हे नाव जगाच्या तोंडी बसलं ते या गाडीमुळे. ती काही फार चांगली गाडी होती म्हणून नव्हे. ती रोज काहीतरी मागायची, पण जे मागायची ते मालकाला स्वतःच्या हाताने देता यायचं. मला वाटतं तिचा सगळा लौकिक एवढ्यात आहे.

बॉनेट उघडलं की आधी काय काय नाही ते दिसतं. पेट्रोल ओढायला पंप नाही. टाकी उंचावर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपलं आपण उतरतं. पाण्याचा पंप पहिल्या अडीच हजार गाड्यांत होता, मग तोही काढला. गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं, एवढ्यावर भागवलं. ऑइललाही पंप नाही. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, ऑइलमध्ये बुडून फिरतं, उडवतं. एक बारीक नळी त्यातलं थोडं पुढे नेते, बाकीचं शिंतोड्यांवर. ऑइल किती आहे हे बघायला क्रँककेसला खाली दोन तोट्या असतात, एक वर, एक खाली. जमिनीवर आडवं व्हायचं, हात लांब करायचा आणि तोटी उघडायची. वरच्या तोटीतून आलं नाही पण खालच्या तोटीतून आलं, तर चालेल. खालच्यातूनही आलं नाही, तर गाडी जागची हलवू नये. जो पंप बसवलाच नाही तो बिघडणार कसा, हा त्यामागचा हिशेब.

चालू करणं हा मात्र विधीच. स्टिअरिंगच्या खाली मिशांसारखे दोन दांडे असतात. डावा स्पार्कचा, उजवा थ्रॉटलचा; पायात अ‍ॅक्सिलरेटर नाहीच. हँडब्रेक मागे ओढायचा. डावा दांडा पार वर सरकवायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. उजवा तीन-चार खाचा खाली. मग पुढे जाऊन रेडिएटरजवळची चोकची तार ओढून धरायची आणि स्विच बंद ठेवूनच हँडलला दोन पाव फेरे द्यायचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतं. आता स्विच चालू. हँडल आत दाबायचं आणि डाव्या हाताने खालून वर झटक्यात ओढायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला मिठी मारायची नाही. कारण डावा दांडा वर करायला विसरलात, तर ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल लाथ मारतं. अंगठा अडकला असेल तर मनगट गेलंच. डाव्या हाताने ओढलं तर लाथ हाताला बाहेर फेकते. उजव्या हाताने, किंवा वरून खाली दाबून फिरवलं, तर थेट हाडावर बसते. इंजिन फुरफुरलं की धावत येऊन डावा दांडा खाली घ्यायचा, नाहीतर ते तापतं. इलेक्ट्रिक स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला, तोही आधी बंद टपाच्या गाड्यांना.

थंडीत आणखी एक पेच. इंजिन, क्लच, गिअर सगळे एकाच ऑइलमध्ये. ते गारठून घट्ट झालं की क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटतात. तुम्ही समोर उभे राहून हँडल मारता, इंजिन सुरू होतं आणि गाडी हळूच तुमच्या अंगावर चालून येते. त्यावर उपाय असा, की बाकीच्या चाकांना दगड लावायचे आणि मागचं एक चाक जॅकवर उचलायचं. ते हवेत मोकळं फिरतं, हँडलही हलकं लागतं आणि जडपणामुळे इंजिनला फिरत राहायला मदतच करतं. चालू झाल्यावर जॅक काढायचा, हे सांगायला नको. पण काही लोकांना सांगावं लागत असणार.

आता बसा. पायाशी तीन पेडल आहेत, पण आजच्या ड्रायव्हरने नेहमीच्या सवयीने पाय टाकला तर गाडी भिंतीत जाईल. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्धं सोडलं की न्यूट्रल, पूर्ण सोडलं की हाय. मधलं रिव्हर्सचं. ब्रेक उजवीकडे. हँडब्रेकचा दांडा मागे असला की मागच्या चाकांना ब्रेक लागतो आणि डावं पेडल न्यूट्रलमध्ये अडकून राहतं. पुढे सोडल्याशिवाय हाय लागत नाही. म्हणजे लांब चढ लागला, की माथ्यापर्यंत डावा पाय घट्ट दाबून ठेवायचा. पोटरीत पेटके आले तरी उचलायचा नाही, कारण उचलला की हाय, आणि हायमध्ये वीस हॉर्सपॉवरचं इंजिन चढावर मान टाकतं.

म्हणून चढ फार उभा असेल, तर लोक गाडी फिरवून उलटी चढवायचे. ऐकायला विनोद वाटतो, पण कारण दुहेरी आहे. लो गिअरमध्ये इंजिनाचे पावणेतीन फेरे म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या कार्डन शाफ्टचा एक. रिव्हर्समध्ये चारांचा एक. म्हणजे या गाडीचा सगळ्यात ताकदवान गिअर रिव्हर्सच. दुसरं असं, की टाकी सीटखाली. पेट्रोल कमी असताना नाक वर झालं, की कार्ब्युरेटर टाकीच्या बरोबरीला येतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. शेपूट वर करा, लगेच वाहू लागतं.

हे तिन्ही पेडल आत एकेका पट्ट्याला ओढतात. पट्टा फिरत्या ड्रमला आवळतो, त्याला आतून सुती विणीचं अस्तर. ब्रेकही यातलाच एक पट्टा. तो चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर. मागे अ‍ॅक्सलमध्ये काही तुटलं की पायाचा ब्रेक गेला, उरतो हँडब्रेक आणि देवाचं नाव. जाणते ड्रायव्हर उतारावर तिन्ही पेडल आळीपाळीने दाबत, म्हणजे एकटं ब्रेकचं अस्तर झिजत नाही. अस्तर झिजलं की पट्टा आवळायचा. लो गिअरचा स्क्रू बाहेरूनच फिरवता येतो, पण रिव्हर्स आणि ब्रेकसाठी पायाजवळची फळी आणि खालचं झाकण काढायला लागतं. इथे हमखास एक अपघात होतो. झाकणाचा बोल्ट किंवा पट्ट्याचा नट बोटांतून निसटतो आणि टुपुक करून खालच्या ऑइलमध्ये. आता तो तारेला लोहचुंबक बांधून शोधायचा. सापडेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, कारण तिथेच फ्लायव्हीलवर सोळा चुंबकं गरगरत असतात आणि नट मध्ये गेला तर ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोच्या वेटोळ्यांचा चुरा. शहाणा माणूस झाकण काढल्याबरोबर आधी भोकात फडकं कोंबतो.

इंजिन अडखळत असेल, तर डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीचं झाकण काढा. आत चार कॉइल, प्रत्येक सिलिंडरला एक. प्रत्येकीवर एक पातळ पोलादी पत्ती, जी भुंग्यासारखी गुणगुणते. इंजिन चालू ठेवून दोन पत्त्या बोटांनी दाबा, समजा पहिली आणि चौथी. दुसरा-तिसरा सिलिंडर नीट चालला, तर दोष दाबलेल्या दोघांत. मग एकेक सोडून बघा. जिला दाबल्यानेही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. तिथली कॉइल शेजारच्या कॉइलशी बदला: दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर प्लग किंवा वायर. ठिणगीची पाळी ठरवणारा पुढचा टायमर कोरडा पडला असेल, तर त्यात ऑइलचे दोन थेंब. या सगळ्याला लागणारं यंत्र म्हणजे दोन बोटं आणि कान.

गाडी स्वस्त कशी झाली, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालता पट्टा आला आणि साडेबारा तासांत जुळणारी चॅसी वर्षभरात ९३ मिनिटांवर आली. पण मला त्याहून आवडतं ते मॅग्नेटोचं उदाहरण. एक कामगार अख्खा मॅग्नेटो वीस मिनिटांत जुळवायचा. एप्रिल १९१३ मध्ये तेच काम २९ जणांत वाटलं, प्रत्येकाने दोन-चार नट आवळून पुढे सरकवायचं. वेळ आला १३ मिनिटं १० सेकंद. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की माणसं दिवसभर वाकून कंबर धरतायत. बाक आठ इंच उंच केला, वेळ झाला सात मिनिटं. एवढंच केलं, बाक उंच केला!

माणसं मात्र पळायला लागली. दिवसभर एकच नट आवळणं सोसवेना. त्या वर्षी सुमारे चौदा हजार माणसं कामावर टिकवायला पन्नास हजारांहून जास्त भरावी लागली. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर झाले. साधारण दुप्पट पगार. त्यातला निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून, आणि तो मिळवायला कंपनीचा माणूस घरी येऊन घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का, ते बघणार. पगारवाढीची गोष्ट सांगणारे ही तपासणी सहसा गाळतात. तसंच हेन्री फोर्डने स्वतःच्या साप्ताहिकातून ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षं गरळ ओकली आणि १९२७ मध्ये माफी मागितली, हेही गाळतात. १९३७ मध्ये युनियनच्या लोकांना कंपनीच्या गुंडांनी पुलावर मारलं, त्याचे फोटो पेपरात छापून आले. करार व्हायला पुढे १९४१ उजाडलं.

८५० डॉलरची गाडी १९२५ पर्यंत २६० वर आली, सगळ्यात साधी दोन सीटची. १९१४ ते १९२५ रंग फक्त काळा. स्वस्त, टिकाऊ, भट्टीत भाजून वाळवलेला. त्याआधी हिरव्या, लाल, करड्या रंगांतही ती मिळायची, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

लोक तिला टिन लिझी म्हणत. मराठीत टिनपाट लिझी म्हटलं, तर अर्थाला काही बाध येत नाही. विनोदांचा तर पाऊस होता. एका शेतकऱ्याच्या छपराचे पत्रे वादळात चुरगळले. त्याने ते बांधून फोर्डकडे पाठवून दिले. उत्तर आलं, अपघात फार वाईट झालेला दिसतो, तरी आम्ही तुमची गाडी दुरुस्त करून पाठवू. दुसऱ्या एकाने म्हणे मृत्युपत्रात लिहिलं, मला माझ्या फोर्डसकट पुरा. आजवर पडलेल्या प्रत्येक खड्ड्यातून तिनेच बाहेर काढलंय. हेन्री फोर्डला हे विनोद आवडायचे. फुकटची जाहिरात कोणाला नको असते?

तो चुकला तो हट्टामुळे. रस्ते सुधारले, लोकांना रंग हवे झाले, गिअर बदलायला दांडा हवा झाला, मॅग्नेटोवर चालणारे आणि गाडी हळू केली की मिणमिणणारे दिवे नकोसे झाले. शेव्हरोलेने हे ओळखलं. फोर्डने ओळखेपर्यंत १९२७ उजाडलं, आणि मग नवं मॉडेल ए येईपर्यंत कारखाना महिनोन्‌महिने बंद ठेवावा लागला.

पुढचा इतिहास चढ-उतारांचा. मुलाच्या नावाने काढलेली एडसेल आपटली, १९६४ ची मस्टँग पहिल्याच वर्षात चार लाखांच्या वर खपली. पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे होती, धडक बसली की आग. १९७८ मध्ये पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २००६ मध्ये कंपनीने कर्जासाठी निळ्या अंडाकृतीतलं आपलं नावही गहाण टाकलं, आणि त्यामुळेच दोन वर्षांनी सरकारकडून बचावाचे पैसे घ्यायची वेळ आली नाही. अमेरिकेत आजही फोर्डच्या चार अक्षरांची फोड ‘फिक्स ऑर रिपेअर डेली’ अशी करतात. टिनपाटाचा वारसा म्हणायचा.

आपल्याकडे फोर्ड दोनदा आली. १९२६ मध्ये कॅनडातल्या कंपनीमार्फत, कारण उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथे बनत. पन्नाशीच्या दशकात गेली. नव्वदीत महिंद्रांबरोबर परतली, पहिल्या एस्कॉर्ट नाशिकला जुळल्या. २०२१ मध्ये इथलं गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. इकोस्पोर्टवाले अजून तिच्या स्टिअरिंगची तारीफ करतात आणि पुढच्याच वाक्यात पार्टच्या किमतीला शिव्या घालतात. लिझीच्या मालकाला पार्टची भीती माहीत नव्हती.

१९४१ मध्ये म्हाताऱ्या हेन्री फोर्डने गांधीजींना आदराचं पत्र लिहिलं. उत्तरादाखल गांधीजींनी त्याला एक चरखा पाठवला. पट्ट्यावर गाड्या काढणाऱ्याला चरखा, म्हणून लोक हसतात. मला त्यात फारसं विसंगत काही दिसत नाही. चाती वाकली तर ठोकून सरळ करायची, माळ सुटली तर परत चढवायची, सूत तुटलं तर चिमटीत धरून पुन्हा जोडायचं. मेस्त्री लागत नाही.