आमची वाटचाल : खरं काम ग्राउटचं

आम्ही हीट पंपासाठी, म्हणजे जमिनीतली ऊब इमारतीत आणणाऱ्या यंत्रासाठी, बोअर मारतो. आमची पहिली रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, जुनी होती, तीही कर्जावर घेतलेली. भागीदार मात्र अस्सल. पूर्वी ते पाण्याचे बोअर मारायचे. रॉडवर तळहात ठेवून हॅमर कुठल्या खडकात शिरलाय ते सांगायचे. हीट पंपाच्या बोअरमध्ये ऊब वर आणणारा यू-पाइप कोणीही सोडतो. खरं काम ग्राउटचं. ग्राउट म्हणजे पाइपभोवतीची पोकळी बुजवणारं मिश्रण; ते सोडायचा लांब ट्रेमी पाइप तळाला टेकवायचा, खालून भरत यायचं आणि वर गढूळ पाणी संपून घट्ट ग्राउट येईपर्यंत पंप थांबवायचा नाही.

मग 'तो' आला. नाव घेत नाही. आमच्या पाऊण भावात बोअर! हा वरूनच ग्राउट ओतायचा, कधी नुसता चुरा ढकलायचा. मधे पोकळी राहिली की वरच्या थरातलं पाणी खालच्या थरात उतरतं आणि पाइपला जमिनीची ऊबही नीट मिळत नाही. पण बुजवलेल्या भोकात डोकावतो कोण? लागोपाठ अकरा कामं गेली. एक रिग विकली. एका रात्री भागीदार म्हणाले, "आपणही वरून ओतायचं का?" त्यांच्यासारख्या माणसावर हे विचारायची वेळ आली, ते मला अजून सलतं.

टिकलं एकच गिऱ्हाईक, हरितगृहवाल्या बाई. रिगशेजारी उभ्या राहून ग्राउटच्या पिशव्या मोजायच्या.

त्यातच एक बातमी फिरली. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ साली नगरभवनासाठी असेच ७ बोअर मारले, १४० मीटरपर्यंत. पाणी अनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरलं, त्याचा जिप्सम होऊन थर फुगला, जमीन वर आली आणि अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले. ते वाचून आमची चौकशी करणारेही गप्प झाले. त्यांचं तरी काय चुकलं? आमचा बोअर आणि त्याचा बोअर वरून सारखेच दिसतात.

तो फरक नियमांमुळे कागदावर आला. परवानाधारक ड्रिलर, तळापासून ग्राउट, थरांची नोंद, पाइपची प्रेशर टेस्ट, सगळं सक्तीचं झालं. पहिल्या दिवशी मीही शिव्या घातल्या. पण 'त्या'ला त्या भावात हे जमेना. त्याने धंदाच बदलला.

या धंद्यात नवीन असाल तर रिगच्या रंगावर खर्च करू नका, मड बॅलन्स, म्हणजे ग्राउटची घनता मोजायचा काटा, घ्या आणि ग्राउटच्या प्रत्येक घाण्याचं वजन बघा. सरकारलाही सांगणं आहे : नियम कडक ठेवा, पण फायलीला मुदत घाला. आमचा एक अर्ज सात महिने पडून आहे. बाईंच्याच नव्या हरितगृहाचा. रिग उभी आहे, पिशव्या ताडपत्रीखाली. बाई येऊन त्याही मोजून गेल्या.